माशांच्या शेपटीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. पावसाळा ओसरला की मुलांना घेऊन हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर जाते. भोई मंडळींच्या जाळ्यात काय आलंय ते बघायचं, हाताळायचं, वहीत काढायचं. तिथे सुरू झालेले प्रश्न नंतर फोनवर येत राहतात. पालक विचारतात, शेततळ्यात मासे सोडणारे विचारतात, बाजारातून मासे आणून ओट्यापाशी उभ्या असलेल्या ताई-मावश्याही विचारतात. शेपटीबद्दलचेच इतके जमले की एकदा सलग उत्तरं लिहून काढावीत असं वाटलं. आधी सोपे प्रश्न घेतले आहेत, अवघड मागे ठेवले आहेत.

1. माशाची शेपटी म्हणजे नेमकं काय? टोकाचा पातळ पंखा, की मागचं मांसल अंगही?

गुदद्वाराच्या मागचं सगळं अंग ही शेपटी. तिचा मांसल भाग निमुळता होत जातो, त्याला इथे देठ म्हणू. देठाला जोडलेला पातळ पंखा म्हणजे पुच्छपर. बोलताना आपण दोन्हीला शेपटीच म्हणतो आणि त्यात काही बिघडत नाही. या पानावर मात्र फरक ध्यानात ठेवा, कारण माशांच्या इतिहासात या दोन गोष्टी वेगवेगळ्या वाढल्या आणि वेगवेगळ्या खुंटल्या (प्रश्न 8 पाहा).

पोहण्याची ताकद पंख्यात नसते. मासा शिजला की मांसाच्या ज्या चकत्या सुटतात, ते त्याच्या कुशीतल्या स्नायूंचे पट्टे. एका कुशीचे पट्टे आखडतात, मग दुसऱ्या. त्यातून अंगभर एक लाट मागे जाते आणि पुच्छपर ती पाण्यावर मारतो.

2. शेपटीचे आकार किती प्रकारचे असतात?

बाहेरून दिसणारे मुख्य आकार पाच-सहा. मरळ आणि मागूर यांची गोल, ताडाच्या पंख्यासारखी. चिलापीची जवळजवळ सरळ कापल्यासारखी. रोहू, कटला, मृगळ, बांगडा यांची कात्रीसारखी दुभंगलेली. कुप्याची (म्हणजे ट्यूनाची) चंद्रकोरीसारखी: अरुंद, ताठ आणि उंच. मोरीची, म्हणजे छोट्या शार्कची, वरचं पातं लांब असलेली. आणि वाम, लेपा यांची टोकदार, जिथे पाठीचा पर, पोटाखालचा पर आणि पुच्छपर एकमेकांत मिसळून गेलेले असतात.

ही यादी आकारांची आहे, नात्यांची नाही. एकाच आकाराची शेपटी असलेले दोन मासे भाऊबंद असतीलच असं नाही.

3. मरळ आणि रोहू एकाच डोहात राहतात. मग एकीची शेपटी गोल आणि दुसऱ्याची कात्रीसारखी का?

पाणी एक असलं तरी दोघांचं पोट भरायचं तंत्र निराळं. मरळ पाणवनस्पतीत दबा धरून बसते आणि बेडूक किंवा छोटा मासा टप्प्यात आला की झेपावते. तिला एका फटकाऱ्यात भरपूर पाणी मागे ढकलायचं असतं. त्यासाठी रुंद, गोल पंखा उत्तम. अडचणीच्या जागेत गर्रकन वळायलाही तो कामी येतो. पण असा पंखा तासन्‌तास हलवत ठेवायचा तर पाण्याचा विरोधही तेवढाच सोसावा लागतो.

रोहू चरत चरत लांब फिरतो. त्याच्या शेपटीतला मधला भाग जणू कापून टाकला आहे. तो भाग अंगामागे उठणाऱ्या खळबळीतच हलला असता, म्हणजे कष्ट जास्त आणि उपयोग कमी. उरलेली दोन पाती त्या खळबळीच्या वर-खाली, शांत पाण्यात काम करतात.

हे मोजता येतं. शेपटी पसरून तिची उभी उंची घ्या, तिचा वर्ग करा आणि शेपटीच्या क्षेत्रफळाने भागा. समजा मरळीची उंची 5 सेंमी आणि क्षेत्रफळ 20 चौ. सेंमी भरलं, तर उत्तर 1.25. रोहूची उंची 12 आणि क्षेत्रफळ 45, तर 3.2. आकडा जितका मोठा तितका मासा लांब पल्ल्याचा. कुप्याचा आकडा याच्याही बराच पुढे जातो. क्षेत्रफळासाठी शेपटी आलेखाच्या कागदावर ठेवून पेन्सिल फिरवायची आणि चौकोन मोजायचे. आमच्या मुलांना हा खेळ फार आवडतो.

4. रोहूची दोन्ही पाती सारखी दिसतात. मग तुम्ही वर्गात "ही शेपटी आतून वाकडी आहे" असं का म्हणता?

कारण ती खरोखर वाकडी आहे. हे पान लिहायला घेतलं ते या प्रश्नासाठीच.

आपल्या मनात चित्र असं असतं की पाठीचा कणा सरळ मागे जातो, शेपटीच्या मध्यावर संपतो आणि तिथून वर एक पातं, खाली एक पातं फुटतं. तसं नसतं. अगदी शेवटी कणा वर वळतो आणि बारीक होत संपतो. त्या वळलेल्या टोकाच्या खालच्या बाजूला चपट्या हाडांची एक चळत असते, जपानी पंख्याच्या पट्ट्यांसारखी उलगडलेली. त्यांना हायपुरल म्हणतात, आणि रोहूच्या कुळात ती बहुधा सहा असतात. खालची दोन खालच्या पात्याला आधार देतात, वरची वरच्या पात्याला. पराच्या काड्या या हाडांच्या कडेवर बसतात.

आता नीट विचार करा. सगळी हायपुरल कण्याच्या खालच्या अंगाची. म्हणजे आपल्याला 'वरचं' दिसणारं पातंसुद्धा जवळजवळ सगळं कण्याच्या खालूनच आलेलं आहे. बाहेरची समानता खरी, आतली नाही. अशा शेपटीला होमोसर्कल म्हणतात, मराठी पुस्तकांत समपालिपुच्छ. हा शब्द आणि मोरीच्या शेपटीसाठीचा हेटेरोसर्कल म्हणजे विषमपालिपुच्छ, हे दोन्ही लुई अगासी या स्विस शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात जीवाश्म मासे अभ्यासताना रूढ केले.

5. हे घरी बघता येईल का?

नक्की येईल, आणि बघाच. मासेवाल्याला सांगून रोहूचा किंवा कटल्याचा शेपटीचा तुकडा देठासकट, चार बोटं लांब असा घ्या. बहुतेक वेळा तो कुणाला नकोच असतो.

पाणी उकळा, गॅस बंद करा आणि तुकडा पाच-सात मिनिटं त्यात ठेवा. जास्त शिजवू नका, नाहीतर हाडं सुटी होऊन चळत विस्कटते आणि सगळी मजा जाते. मग पाण्याखाली धरून मऊ, जुन्या दातघासणीने मांस हळूहळू सोडवा. पुढून मागे या, उलट नको. मणके एकामागोमाग एक उघडे पडतील. शेवटच्या मण्यापाशी थांबा. तिथून एक काडी तिरकी वर निघालेली दिसेल, आणि तिच्या पोटाशी तो पंखा.

उजेडाकडे धरलं की हायपुरल हाडं अर्धपारदर्शक दिसतात. वरच्या आणि खालच्या गटात एक फटही असते. मी पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा वर्गातल्या फळ्यावर इतकी वर्षं काढत आलेली आकृती हातात धरल्यासारखं वाटलं.

वेळ असेल तर काड्याही मोजा. कडेच्या आखूड काड्या सोडून मुख्य काड्या धरा: रोहूत 19 भरतात, वर 10 आणि खाली 9. चिलापीत त्याहून कमी भरतील, कारण ती वेगळ्या घराण्यातली. तुकडा सुकवून पुठ्ठ्यावर चिकटवला तर वर्षभर टिकतो. मुंग्यांपासून मात्र जपा.

6. मोरीची शेपटी वरून लांब का असते?

मोरीत कणा वर वळतो आणि थेट वरच्या पात्यात शेवटपर्यंत जातो. तिचा सांगाडा हाडाचा नसून कूर्चेचा. बाजारात मोरीची शेपटी मिळाली तर वरच्या पात्यातून चाकू फिरवा, मण्यांची माळ लागेल. खालच्या पात्यात मणका नाही.

अशा शेपटीचा फटका पाण्याला मागे आणि थोडा खालीही ढकलतो, त्यामुळे मागचं अंग उचललं जातं. मोरीला हवेची पिशवी नसते, म्हणून हे उचलणं तिच्या उपयोगाचं. जुन्या पुस्तकांत पुढे असं लिहिलेलं असे की शेपटीने उचललं की डोकं खाली जाईल, म्हणून छातीचे पर विमानाच्या पंखांसारखे ते वर धरतात. पुढे पोहत्या शार्कभोवतीच्या पाण्याचे प्रवाह प्रयोगशाळेत मोजले गेले. शेपटी उचलते हे खरं निघालं. पण संथ, सरळ पोहताना छातीचे पर फारसं उचलत नाहीत आणि अंग किंचित तिरकं धरून तोल साधला जातो, असंही दिसलं. काही क्रमिक पुस्तकांत अजून जुनंच उत्तर आहे.

यातला गुंतागुंतीचा भाग असा: माको किंवा पांढरा शार्क यांची शेपटी बाहेरून जवळजवळ कुप्यासारखी चंद्रकोर असते. आत मात्र कणा वरच्या पात्यातच. बाहेरचा आकार वेगाने घडवला, आतली रचना घराण्याकडून आली.

7. मत्स्यबीज केंद्रातून आणलेल्या जिऱ्याची शेपटी बोटुकलीसारखी (बोटाएवढ्या पिल्लासारखी) का दिसत नाही? बी खराब आहे का?

बी ठीक आहे. नुकत्याच अंड्यातून बाहेर पडलेल्या जिऱ्यात कण्याच्या जागी पृष्ठरज्जू असते आणि ती टोकापर्यंत सरळ असते. भोवती पातळ पडद्याची झालर. काही दिवसांनी टोकाखाली हायपुरल तयार होऊ लागतात, रज्जूचं टोक वर वळतं, आणि सुरुवातीला खाली लोंबणारा पर फिरून मागे तोंड करतो. त्यानंतरच शेपटी दुभंगलेली दिसते. बोटुकलीच्या आकाराला येईपर्यंत वळण पूर्ण झालेलं असतं.

काचेच्या पेल्यात दोन-चार जिरे घेऊन भिंगाखाली रोज पाहिलंत तर हे डोळ्यांदेखत घडताना दिसेल. 1870च्या दशकात लुई अगासींचे चिरंजीव अलेक्झांडर अगासी यांनी समुद्री माशांच्या पिल्लांत हेच वळण टप्प्याटप्प्याने रेखाटलं होतं.

8. म्हणजे रोहूचे पूर्वज मोरीसारखे होते का?

मोरी हा रोहूचा पूर्वज नाही. दोन्ही घराणी 40 कोटी वर्षांहून आधीच वेगळी झाली. पण रोहूच्या जुन्या पूर्वजांची शेपटी मोरीसारखी वर वळलेली होती, हे जीवाश्मांत स्पष्ट दिसतं. स्टर्जनमध्ये ती अजून तशीच आहे. गार आणि बोफिन या अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातल्या माशांत ती आखूड झाली, पण पुरती लपली नाही. डायनोसॉरांच्या सुरुवातीच्या काळात, 20 कोटी वर्षांहून आधी, बाहेरून सारख्या शेपटीचे मासे दिसू लागले. आज पृष्ठवंशी प्राण्यांच्या जातींपैकी जवळपास निम्म्या याच घराण्यातल्या आहेत.

बराच काळ असं समजलं जायचं की पिल्लू वाढताना पूर्वजांच्या प्रौढ शेपटीची पायरी ओलांडतं. 2016 मध्ये जीवाश्मतज्ज्ञ लॉरेन सॅलन यांनी स्कॉटलंडमधल्या सुमारे 35 कोटी वर्षं जुन्या एथेरेटमन या माशाच्या पिल्लांचे जीवाश्म तपासले. त्यांत दोन शेपट्या एकीवर एक दिसल्या: वर मांसल, कण्याची शेपटी आणि तिच्या खाली पुच्छपर. आजच्या माशांच्या पिल्लातही सुरुवात अशीच होते. त्यांचं म्हणणं असं की या मुळात दोन स्वतंत्र वाढी आहेत. मोरीसारख्यांत वरची वाढत राहिली, रोहूसारख्यांत ती लवकर खुंटली आणि खालच्या पराने सगळी जागा घेतली. प्रश्न 5 मधली ती तिरकी काडी म्हणजे खुंटलेल्या शेपटीचा उरलेला भाग.

9. खालचं पातं लांब असलेले मासे असतात का?

असतात. पापलेट नीट बघा, खालचं पातं वरच्यापेक्षा लांब भरेल. उडत्या माशात हा फरक फारच ठळक असतो. तो पाण्याबाहेर अंग काढतो, पण खालचं लांब पातं पाण्यातच ठेवून झपाझप हलवतो आणि वेग घेऊन झेपावतो. दोघांच्याही आत कणा वरच वळलेला असतो.

कणाच खाली वळलेली शेपटी आजच्या माशांत नाही. सायलुरियन काळातल्या, म्हणजे 40 कोटी वर्षांहून जुन्या, ॲनास्पिड या जबडा नसलेल्या माशांत ती होती.

10. वाकटीची शेपटी विक्रेते आधीच कापून ठेवतात का?

नाही. वाकटीला पुच्छपर नसतोच, अंग पट्ट्यासारखं निमुळतं होत दोऱ्यासारखं संपतं. टोक तुटलेलं दिसलं तर ते वाहतुकीत तुटलेलं. घाटाखालून बर्फाच्या पेटीत येताना एवढं व्हायचंच.

असे आणखीही आहेत. समुद्रघोड्याने पर टाकून दिला आणि शेपटी गवताला धरून ठेवायला वापरली. मांदेलीचा पोटाखालचा लांब पर थेट शेपटीला जाऊन मिळतो. आपल्या नदीतल्या वामेलाही स्वतंत्र शेपटी शोधून सापडत नाही. फटी-कपारीत शिरणाऱ्या, मागेही सरकता येणाऱ्या अंगाला सुटा पंखा अडतो. वाम आणि तसाच सापासारखा लांबट अहीर मासा मात्र एका कुळातले नाहीत, आकार तेवढा जुळला.

सगळ्यात अजब सनफिश. त्याच्या मागे जो जाड काठ दिसतो तो पुच्छपर नाहीच. पाठीच्या आणि पोटाच्या परांच्या काड्या मागे येऊन त्यांनी तो बनवला आहे.

11. ओल्या बोंबलाच्या शेपटीला तीन फाटे दिसले. विकृती आहे का?

अजिबात नाही, बोंबलाची शेपटी तशीच असते. दोन पात्यांच्या मध्ये एक छोटं टोक, आणि कुशीवरून जाणारी संवेदनेची रेघ त्या टोकापर्यंत पोचते. आपल्याकडे बोंबील येतो तो बहुधा सुका, आणि आठवडे बाजारातल्या त्या जुड्यांत शेपट्या झिजून गेलेल्या असतात. म्हणून हे लक्षात येत नाही.

तीन फाट्यांची दुसरी प्रसिद्ध शेपटी सीलाकँथची. हा मासा नामशेष झाला असं समजत होते, तोवर 1938 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जिवंत पकडला गेला. त्याच्यात कणा सरळ मधल्या फाट्यात जातो. बोंबलाशी त्याचं जवळचं नातं नाही.

12. कृष्णेला पूर येतो तेव्हा कुठल्या शेपटीचा मासा टिकाव धरतो?

नुसत्या शेपटीवरून हे ठरत नाही, आणि असं ठाम सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. दुभंगलेल्या शेपटीचा आणि जाड देठाचा महसीर जोराच्या धारेत चढतो हे खरं. पण मळ्या नावाचा छोटा मासा तोंडाखालच्या चकतीने दगडाला चिकटून राहतो, त्याला शेपटीचा जोर लावायची फारशी गरजच पडत नाही. या दोघांचीही शास्त्रीय नावं मराठीतून गेलेली आहेत. कर्नल साईक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांचं वर्णन करताना 'खुद्री' आणि 'मुल्ल्या' अशी स्थानिक नावंच लॅटिनमध्ये बसवली.

कृष्णेच्या खोऱ्यातला खवलचोर हेही चांगलं उदाहरण. हा दुसऱ्या माशांची खवलं ओरबाडून खातो. दुभंगलेली शेपटी त्याला चपळाईने भिडायला आणि निसटायला उपयोगी पडते, पुराशी तिचा संबंध नाही.

13. फिशटँकमधल्या गोल्डफिशला दोन शेपट्या कशा?

माणसाने निवडून वाढवल्यामुळे. चीनमध्ये शतकानुशतकं निवड होत गेली आणि जुळ्या शेपटीचे मासे जपले गेले. यात प्रश्न 4 मधला पंखाच दुहेरी होतो, डावा आणि उजवा. कॉर्डिन नावाच्या जनुकातल्या एका बदलामुळे हे घडतं, असं 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवलं गेलं. असे मासे डौलदार दिसतात पण पोहायला जड. त्यांना चपळ माशांबरोबर एका टाकीत ठेवू नका, खाणं मिळत नाही.

14. शेपटी फाटली किंवा तुटली तर पुन्हा येते का?

पराचा पातळ भाग तुटला असेल तर येते. झेब्राफिश या आपल्याच देशातल्या छोट्या माशात छाटलेला पुच्छपर दोन-तीन आठवड्यांत वाढतो, दुभंगासकट. जगभरच्या प्रयोगशाळांत तो पाळतात, त्याचं हेही एक कारण. जखम देठाच्या आत, हाडांपर्यंत गेली असेल तर भरवसा धरू नये. टाकीतला मासा असेल तर पाणी स्वच्छ ठेवा, बुरशीच आधी घात करते.

15. आपल्या माकडहाडाशी याचा काही संबंध आहे का?

आहे. प्रश्न 8 मधल्या दोन शेपट्या आठवा. रोहूच्या घराण्यात मांसल शेपटी खुंटली आणि पर राहिला. जमिनीवर आलेल्या प्राण्यांत उलट झालं: पर गेला आणि मांसल शेपटी राहिली, तीच सरड्याची, गाईची, माकडाची. वानरांच्या ज्या शाखेत आपण आहोत तिने तीही गमावली. माकडहाड हा तिचा उरलेला अंश. त्यामुळे रोहूच्या शेपटीतली तिरकी काडी आणि आपलं माकडहाड यांची जोडी लावायला हरकत नाही.

16. डॉल्फिन माशासारखाच पोहतो, मग त्याची शेपटी आडवी का?

डॉल्फिनचे पूर्वज जमिनीवर चालणारे सस्तन प्राणी होते. भरधाव धावणारा कुत्रा आठवा: त्याचा कणा वर-खाली वाकतो. तीच सवय पाण्यात गेली, म्हणून शेपटीचा फटका वर-खाली आणि शेपटी आडवी. तिच्या पात्यांत हाडं नसतात, काड्या नसतात, कणा फक्त मधून जातो.

यावर एका मुलाने विचारलं, मग जमिनीवरून पाण्यात गेलेल्या सगळ्यांची शेपटी आडवी हवी ना? नाही. इक्थिओसॉर हे डायनोसॉरांच्या काळातले सागरी सरपटणारे प्राणी. सरड्याचा कणा डावी-उजवीकडे वळतो, तसाच त्यांचाही. त्यांची शेपटी उभीच राहिली, कुप्यासारखी चंद्रकोर. फक्त त्यांच्यात कण्याचं टोक खालच्या पात्यात उतरलं. पूर्वी वरचं पातं कुणाला माहीत नव्हतं, आणि वाकलेला कणा मेल्यावर मोडला असेल असंही वाटे. त्वचेचा ठसा असलेले जीवाश्म मिळाले तेव्हा कण्यावर उभं असलेलं, हाडाचा आधार नसलेलं ते पातं दिसलं.